दोन गुपिते : डॉ. भाऊ दाजी लाड

आमचा जुना वाडा कसबा पेठेत, तांबट आळीच्या तोंडाशी होता. आता तो पडून तिथे चार मजली इमारत उभी आहे. पण आजीच्या बोलण्यात अजून तो वाडाच उभा असतो, आणि त्या वाड्याच्या गोष्टींत हमखास डोकावतात ते आमचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना म्हणजे रस्त्यावरची एक खोली. बाहेर लाकडी बाक, आत पडद्यामागे कंपाउंडर, आणि डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेल्या लाल औषधाच्या बाटल्या. पण लोक त्यांच्याकडे केवळ औषधाला जात नसत. मुलीला आलेले स्थळ कसे आहे, मुलाला कोणत्या शाळेत घालावे, भावाभावांच्या वाटणीत जिना कोणाकडे जावा, या सगळ्याचा सल्ला तिथेच. डॉक्टर बोलले की विषय संपला, असे आजी म्हणते.

वाड्यात एक तांबटकाका राहत. एकदा भट्टीशी काम करताना निखारा हातावर पडला, कातडी भाजली, तरी त्यांना ते कळलेच नाही. डॉक्टरांनी तो हात पाहिला, दंडावरचा फिकट चट्टा पाहिला आणि काही न बोलता गोळ्या सुरू केल्या. पुढच्याच आठवड्यात त्यांनी जंताचे औषध द्यायचे म्हणून वाड्यातली सगळी मुले बोलावली आणि एकेकाची पाठ व हातपाय तपासले. काकांनी कित्येक वर्षे त्या गोळ्या घेतल्या, मुलींची लग्ने केली, नातवंडे खेळवली. म्हातारपणी त्यांनी एकदाच माझ्या आजोबांना सांगितले की त्या गोळ्या महारोगावरच्या होत्या. डॉक्टर तोवर वारले होते. त्यांच्या तोंडून तो शब्द वाड्यात कधी कोणी ऐकला नव्हता. हे सर्व सांगून झाल्यावर आजी म्हणते की डॉक्टरांचे निम्मे वजन त्यांच्या औषधात होते आणि निम्मे त्यांच्या मिटलेल्या तोंडात.

डॉक्टर या माणसाला समाजात एवढा मान, एवढा दरारा कुठून आला, याचा विचार करू लागलो की महाराष्ट्रात तरी एका नावापाशी येऊन थांबावे लागते. ते नाव डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. मुंबईचे वस्तुसंग्रहालय पाहायला गेलेल्यांना ते नाव पाटीवरून ठाऊक असते, माटुंग्याला राहणाऱ्यांना रस्त्यावरून. पण पाटीमागचा माणूस फारसा कोणाला ठाऊक नाही. त्याच्या आयुष्यातही आमच्या डॉक्टरांसारखाच गुपिताचा प्रश्न आला, आणि तोही एकदा नव्हे, दोनदा. एकदा त्याने गुपित सांगितले व एकदा राखले. या दोन्ही प्रसंगांमुळे त्याचे चरित्र मला आजच्या विद्यार्थ्याने वाचण्याजोगे वाटते.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. गोव्यातील पेडणे भागात मांद्रे नावाचे गाव आहे, तिथे १८२२ साली एका गौड सारस्वत कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी. पोटापाण्यासाठी कुटुंब मुंबईस आले. मुलगा बुद्धिबळात मात्र विलक्षण तरबेज होता. त्याचा खेळ त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांच्या नजरेस पडला, आणि या मुलाला इंग्रजी शिक्षण द्या, असे त्यांनी वडिलांना सुचविले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. सोंगट्यांच्या पटावरून हा मुलगा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या बाकावर जाऊन बसला. पुढे तिथेच तो शिकवूही लागला. काठेवाड आणि कच्छमधील राजपुतांत मुली जन्मताच मारण्याची जी चाल होती, तिच्यावर त्याने लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले आणि १८४७ मध्ये तो छापला गेला. म्हणजे डॉक्टर होण्यापूर्वीच या तरुणाची दृष्टी समाजाच्या दुखण्यावर गेली होती.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि त्याच्या शेजारी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नावाचे रुग्णालय. भाऊ शिक्षकी सोडून पुन्हा विद्यार्थी झाले. त्या काळी हे पाऊल सोपे नव्हते. प्रेत फाडून शिकायचे, परक्या जातीच्या माणसाचे रक्त-पू हाताळायचे, आणि घरी येऊन सोवळ्यात जेवायचे! कॉलेजची पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. तीत आठ पदवीधर होते. त्यांत भाऊ दाजी होते आणि आत्माराम पांडुरंगही होते. याच आत्माराम पांडुरंगांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन झाला. पहिल्या आठ जणांतले दोघे समाजाचे पुढारी व्हावेत, याला योगायोग म्हणता येणार नाही. त्याची कारणे त्या व्यवसायातच आहेत.

ती कारणे जरा पाहू. त्या काळचा सरकारी अधिकारी लोकांच्या दारापर्यंत येई, भटजी देवघरापर्यंत येई, वकील बैठकीच्या खोलीपर्यंत येई. डॉक्टर मात्र थेट माजघरात जाई. जिथे परक्या पुरुषाची सावली पडू द्यायची नाही, तिथे हा माणूस नाडी पाहायला बसे. शेटजी रात्री का झोपत नाहीत, सुनेला मूल का होत नाही, थोरल्या मुलाला कसले व्यसन आहे, हे त्याला ठाऊक असे. श्रीमंत त्याचे ऋणी असत, कारण त्याने त्यांचा मुलगा वाचविलेला असे. गरीब त्याचे ऋणी असत, कारण त्याने पैसे घेतलेले नसत. आणि इंग्रज साहेबाला तो साहेबाच्याच विद्येत उत्तर देऊ शकत असे. एवढे तिहेरी वजन त्या काळात दुसऱ्या कोणत्याही एतद्देशीय माणसापाशी नव्हते.

भाऊंनी हे वजन कसे वापरले ते त्यांच्या पुढील बावीस-तेवीस वर्षांच्या कामावरून दिसते. सरकारी नोकरी न धरता त्यांनी स्वतंत्र व्यवसाय मांडला. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्या साथीने गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा भाऊ तिच्या चिटणीसांपैकी एक होते. हिंदी लोकांची गाऱ्हाणी विलायतेच्या पार्लमेंटपुढे मांडणारी मुंबई इलाख्यातील ही पहिली राजकीय संस्था. शिक्षणमंडळावर ते सभासद होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले, तेव्हा त्याच्या पहिल्या फेलोंत त्यांचे नाव होते. मुलींच्या शाळा काढणाऱ्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीचे ते पहिले हिंदी अध्यक्ष. विष्णुदास भाव्यांची नाटक मंडळी १८५३ मध्ये मुंबईत आली, तेव्हा तिला आधार देणाऱ्यांतही ते होते. १८६९ आणि १८७१ अशी दोन वेळा त्यांना मुंबईचे शेरीफ नेमण्यात आले.

आणि एवढ्या धबडग्यात या माणसाने संशोधन केले! रोगी तपासून झाले की भाऊ ताम्रपट, नाणी आणि पोथ्या घेऊन बसत. अजिंठ्याचे लेख, गिरनारचा रुद्रदामनाचा शिलालेख, कालिदासाचा काळ, आर्यभट आणि वराहमिहिर यांच्या ग्रंथांचा काळ व अस्सलपणा, अशा विषयांवरचे त्यांचे निबंध एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले. दवाखान्यात जशी लक्षणांवरून रोगाची परीक्षा, तशी इथे अक्षरांच्या वळणावरून काळाची परीक्षा, इतकाच फरक! डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर त्यांनी वस्तुसंग्रहालयासाठी निधी जमविला. राणीच्या बागेतील ती देखणी इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि १९७५ मध्ये तिला भाऊंचे नाव देण्यात आले.

इथवरचे चरित्र कोणत्याही थोर पुरुषाच्या चरित्रासारखेच आहे. आता त्या दोन गुपितांकडे वळू.

पहिले गुपित १८६२ सालचे. वल्लभ संप्रदायाचे आचार्य म्हणजे 'महाराज' यांना मुंबईच्या भाटिया, वाणी या धनाढ्य व्यापारी समाजात देवाचे स्थान होते. काही महाराज या भक्तीचा गैरफायदा घेऊन अनुयायांच्या बायका-मुलींशी अनाचार करतात, असे करसनदास मुळजी या तरुण सुधारकाने आपल्या 'सत्यप्रकाश' पत्रात १८६० मध्ये लिहिले. सुरतेचे जदुनाथजी महाराज यांनी त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि पन्नास हजार रुपयांची भरपाई मागितली. २५ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खटला उभा राहिला. न्यायासनावर सर मॅथ्यू सॉस आणि सर जोसेफ आर्नोल्ड. कोणीही महाराजांविरुद्ध साक्ष देऊ नये, असा ठराव जातीने आधीच केलेला होता. त्याबद्दल कटाचा वेगळा खटला होऊन पुढाऱ्यांना दंडही झाला होता. करसनदास जे म्हणत होता ते पुष्कळांना ठाऊक होते, पण कोर्टात येऊन सांगणार कोण?

अशा वेळी साक्षीला उभे राहिले ते डॉक्टर. डॉ. भाऊ दाजी आणि डॉ. धीरजराम दलपतराम. महाराजांवर उपचार करण्याचा प्रसंग आपल्यावर आला होता, आणि तो विकार गुप्तरोगाचा होता, असे या दोघांच्या साक्षींतून कोर्टापुढे आले. देव म्हणून ज्याच्या पायाचे तीर्थ घ्यायचे त्याचे दुखणे भर न्यायालयात उघड झाले. २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. करसनदास सुटला, आणि महाराजांच्या वर्तनावर न्यायमूर्तींनी कडक ताशेरे ओढले.

हा निकाल वाचून आपण टाळ्या वाजवतो. वाजवाव्यातही. ज्या गुजराती व्यापाऱ्यांच्या घरांत भाऊंची जा-ये होती, त्यांच्याच गुरूविरुद्ध बोलण्यात त्यांच्या धंद्याला केवढा धोका होता! पण क्षणभर थांबून विचार केला की मन कचरते. रोग्याने डॉक्टरापाशी उघड केलेली गोष्ट डॉक्टराने चारचौघांत सांगावी काय? आज उद्या दुसरा कोणी आपलेही दुखणे असेच सांगेल, अशी भीती लोकांना वाटली तर माजघराचे दार पुन्हा बंद होईल. आपल्या देशाच्या कायद्याने वकील आणि अशील यांच्यामधील बोलण्याला संरक्षण दिले आहे. डॉक्टर आणि रोगी यांच्यामधील बोलण्याला तसे दिलेले नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेप्रमाणेही रोग्याचे गुपित राखणे हा नियम असून न्यायाधीशांच्या हुकमाने ते सांगावे लागणे हा अपवाद आहे. म्हणजे भाऊंनी कायदा मोडला नाही. पण त्यांच्या बाजूने खरे बोलते ते कायद्याहून मोठे कारण. ज्याचे गुपित उघडे पडले तो दुबळा नव्हता. तोच सर्वांत बलवान होता, आणि ते गुपित झाकले गेल्याने ज्या स्त्रियांचे आयुष्य नासत होते त्यांना कोर्टात उभे राहण्याची सोय नव्हती. जदुनाथजींचे नाव झाकायचे की त्या निनावी बायकांचा जीव, असा तो पेच होता. भाऊंनी बायकांचा पक्ष घेतला.

दुसरे गुपित याच्या अगदी उलट आहे. ते रोग्याचे नव्हते. ते खुद्द भाऊंचे होते.

त्या काळी महारोग म्हणजे जिवंतपणी मरण. रोग्याला घर सुटे, गाव सुटे, देऊळ सुटे. पाश्चात्त्य वैद्यकापाशी त्याच्यावर उपाय नव्हता, तो आनुवंशिक की सांसर्गिक याविषयीच वाद चालू होते. भाऊंनी मात्र आपल्याकडच्या जुन्या वनौषधींचा कसून शोध घेतला. मोठ्या घरांत फी घेणाऱ्या या डॉक्टरच्या दारात महारोगी येऊन बसू लागले आणि ते त्यांना हात लावून तपासू लागले. पश्चिम घाटात कडूकवठीचे झाड होते. त्याच्या बियांच्या तेलावर त्यांचा भर होता. पोटात आणि अंगाला लावून असा तो उपचार. चट्टे फिके होऊ लागले, बधिरपणा कमी होऊ लागला, अशा हकीकती पसरल्या. मुंबईबाहेरही त्यांचे नाव झाले.

पण औषध कोणते, हे भाऊ सांगेनात. प्रयोग पुरते झाल्याशिवाय, गुणाची खात्री पटल्याशिवाय जाहीर करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. तिच्यात शास्त्राची शिस्त होती हे मान्य केले पाहिजे. अर्धवट माहितीवर भोंदू लोकांनी बाजार मांडला असता, हेही खरे. पण त्यांच्यावर टीका झाली आणि तीही खोटी नव्हती. ज्या पिढीने वैद्यांच्या गुप्त पुड्यांना हसायला शिकविले, त्या पिढीचा अग्रणी स्वतःच गुप्त औषध ठेवतो, ही विसंगती लोकांच्या डोळ्यांत भरली. शिवाय रोगी वाट पाहू शकत नव्हते. त्यांची बोटे झडत होती.

आणि काळ भाऊंसाठी थांबला नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरांचा सट्टा बोकाळला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो डोलारा कोसळला. सबंध मुंबई बुडाली, तिच्याबरोबर भाऊंची आयुष्याची कमाईही बुडाली. इतरांची नाडी अचूक पाहणाऱ्याला बाजाराची नाडी कळली नाही. त्यानंतरही त्यांनी व्यवसाय, संशोधन आणि सार्वजनिक कामे सोडली नाहीत. पण मे १८७४ मध्ये, वयाची बावन्न वर्षे पुरी होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. महारोगावरील औषधाचा सविस्तर वृत्तांत त्यांच्या हातून प्रसिद्ध झालाच नाही. त्यांच्या पोथ्या व नाणी मित्रांच्या प्रयत्नांनी एशियाटिक सोसायटीत सुरक्षित राहिली. संशोधनाचे निबंध छापलेले होते म्हणून टिकले. जे छापले नाही तेच हरवले.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १८७३ मध्ये, नॉर्वेत हॅन्सन यांना महारोगाचा जंतू दिसला होता. भाऊंच्या कडूकवठीचा जवळचा भाऊबंद म्हणजे चालमोगरा. कलकत्त्याच्या डॉ. मोआट यांनी १८५४ मध्येच त्याची माहिती वैद्यकीय जगापुढे उघडपणे ठेवली होती. त्यामुळे जगभर या तेलावर प्रयोग झाले, आणि १९१५च्या सुमारास हवाई बेटांत ॲलिस बॉल या तरुण संशोधिकेने ते टोचून देता येईल असे केले. १९४० नंतर सल्फोन औषधे येईपर्यंत महारोगावर हे तेलच मुख्य आधार होते. म्हणजे भाऊंची दिशा अचूक होती! पण त्या वाटेवर मैलाचा दगड म्हणून त्यांचे नाव लागले नाही, कारण त्यांनी आपला दगड उघड्यावर रोवलाच नाही.

या दोन गुपितांचा मी पुष्कळ विचार केला. मला असे वाटते की डॉक्टराची सत्ता ही मुळात गुपिताची सत्ता आहे. आपल्याला जे ठाऊक नाही ते त्याला आपल्याविषयी ठाऊक असते. ही सत्ता चांगली की वाईट हे ती कोणाच्या कामी येते यावर ठरते. कोर्टात भाऊंनी गुपित सांगितले ते दुबळ्यांच्या कामी आले. औषधाचे गुपित राखले ते सद्हेतूनेच राखले, पण ते कोणाच्याच कामी आले नाही.

आपल्या पुण्यातही या सत्तेची दोन्ही रूपे दिसली आहेत. आमच्या कसब्याला लागूनच, फरासखान्याजवळ, बाहुलीचा हौद आहे. शस्त्रवैद्य डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लेकीच्या, काशीबाईच्या आठवणीसाठी तो बांधला आणि त्याचे पाणी सर्व जातींना खुले ठेवले. ते सत्यशोधक समाजाचे पुढारी, जोतीराव फुल्यांचे मित्र. १८८८ मध्ये जोतीरावांना अर्धांगवायू झाला तेव्हा उपचार त्यांनीच केले. डॉक्टरसाहेब मुलीला शिकवतात म्हणून संतापलेल्या लोकांनी तिला काच कुटून खाऊ घातली, असे अजून सांगतात. १८७७ मध्ये ती पोर गेली, तरीही डॉक्टरांनी पुढे दुसऱ्या मुलीला शिकविले. डॉक्टराचे वजन त्याच्या स्वतःच्या घरालाही वाचवू शकत नाही, हे तो हौद सांगतो. आणि ते वजन तरीही वापरायचे असते, हेही तोच सांगतो.

त्यानंतर वीस वर्षांनी, १८९७ च्या प्लेगात, याच पेठांतून गोऱ्या सोजिरांच्या पहाऱ्यात घरे तपासली गेली. रोग लपवू नये हा हेतू वैद्यकाच्या दृष्टीने बरोबर होता. पण बंदूक घेऊन माजघरात शिरलेल्या वैद्यकावर कोणाचा विश्वास बसणार? लोकांनी रोगी माळ्यावर, कोठीत लपवले. २२ जून १८९७ रोजी रँडवर प्राणघातक हल्ला झाला. भाऊंच्या पिढीने जो विश्वास घराघरांत जाऊन एकेका नाडीवर मिळविला होता, तो हुकमाने मिळत नाही, हे त्या वर्षी दिसून आले.

आपल्या वर्गातली कितीतरी मुले बारावीनंतर वैद्यकीयला प्रवेश न मिळाल्याने कला शाखेकडे आली आहेत, हे उघड गुपित आहे. त्यांना मी एवढेच म्हणेन की भाऊ दाजींचे निम्मे आयुष्य आपल्याच विषयांत गेले. लिपी, इतिहास, नाटक, निबंध हे त्यांना परके नव्हते. आणि माणसाने आपल्यापाशी विश्वासाने ठेवलेली गोष्ट कधी राखायची व कधी सांगायची, हा प्रश्न केवळ डॉक्टराला पडत नाही. तो शिक्षकाला पडतो, पत्रकाराला पडतो, मित्रालाही पडतो.

परवा आजीला भाऊंची ही हकीकत वाचून दाखविली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले की आमच्या डॉक्टरांनी तांबटकाकांचे नाव झाकले, पण वाड्यातल्या मुलांच्या पाठी तपासल्याच ना? म्हणजे त्यांनी गुपितही राखले आणि पोरेही राखली. मी होय म्हटले. त्या डॉक्टरांचे नाव कोणत्याही रस्त्याला नाही. दवाखान्याच्या जागी आज मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. पण तिथून जाताना आजी अजूनही डोक्यावरचा पदर सारखा करते.